बिनसुराची पेटी

पटाशीचं पातं मी कोपऱ्याच्या सांध्यात बसवलं, हातोडी उचलली, आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

वळून पाहिलं तर अण्णा, माझे वडील. चौदा महिन्यांत ते पहिल्यांदाच माडीवरून खाली दुकानात आले होते. तेही माझ्यासाठी नाही, माठातलं पाणी घ्यायला. दुसऱ्या हातात रिकामा तांब्या होता.

"काय फोडालायस?" त्यांनी विचारलं. कान गेल्यापासून अण्णा मोठ्यानेच बोलत. शेजारच्या पानपट्टीवाल्यानेही मान वर केली.

मी समोरच्या वस्तूकडे हात केला. सांगलीच्या शनिवारच्या बाजारात भंगारवाल्याशी तासभर हुज्जत घालून आणलेला तो एक जुना लाकडी कॅमेरा होता. पूर्वी स्टुडिओत तिपाईवर ठेवून, डोक्यावर काळं कापड घेऊन फोटो काढत, तसला. पुढे पितळी भिंग बसवलेली फळी, मागे वहीच्या पानापेक्षा मोठी दुधी काच, आणि दोन्हींच्या मध्ये घड्याघड्यांचा कातडी भाता. भात्याची झुरळांनी चाळण केली होती. मला त्यातलं काहीच नको होतं, फक्त लाकूड हवं होतं. लालसर, पन्नास-साठ वर्षं मुरलेलं, कुठेही न वाकलेलं लाकूड. आमचा मिरजेत पेट्या करायचा धंदा, म्हणजे हार्मोनियमचा. असलं लाकूड हल्ली पैसे मोजूनही मिळत नाही. मी तर बाजारातून येतानाच बसमध्ये त्याचे तुकडे पाडून ठेवले होते, मनातल्या मनात.

अण्णांनी तांब्या खाली ठेवला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला.

"दातात दात बसवलाय. खिळा न्हाई एक," ते म्हणाले. "करणाऱ्यानं जीव लावलाय, आणि तू हातोडी घालालायस."

मग त्यांनी पुढची फळी धरून हळूच ओढली. भाता कुरकुरत उघडला आणि त्यातून मेलेली दोन झुरळं पडली. अण्णा वाकून आत बघायला लागले.

"भाता हाय. मग सूर कुठं हायत?"

अण्णांशी बोलायचं म्हणजे लिहायचं. त्यासाठी प्लायवुडचे तुकडे आणि सुतारी पेन्सिल दुकानात कायम असे. मी लिहिलं, "सूर नाहीत. फोटोचा कॅमेरा आहे."

त्यांनी ते दोनदा वाचलं.

"सूर न्हाईतच?"

मी मान हलवली.  तांब्या तिथेच ठेवून, कॅमेरा काखेत मारून अण्णा जिना चढून वर गेले. जरा वेळाने माझी बायको मालन तांब्या न्यायला आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, माझं लाकूड गेलं.

*

इथे अण्णांचं थोडं सांगायला हवं. धोंडीराम सुताराची पेटी म्हणजे बेळगावपासून बार्शीपर्यंतच्या भजनी मंडळांत शब्द होता. पेटीचा सूर लावायचा म्हणजे आतली पितळी पट्टी बारीक कानशीने केसाएवढी घासायची, वाजवून बघायची, पुन्हा घासायची. अण्णा हे काम डोळे मिटून करत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे कान जायला लागले. त्यांनी ते आमच्यापासून लपवलं, आणि आम्हाला कळलंय हे आम्ही त्यांच्यापासून लपवलं. घरात सगळेच हुशार.

एक दिवस तासगावचे एक कीर्तनकार बुवा त्यांची पेटी न्यायला आले होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. अण्णा शेवटचा सूर घासत बसले होते. सूर लागला, त्याच्याही पुढे गेला, तरी अण्णा घासतच होते. कपाळाला आठ्या घालून, पेटीला कान लावून. बुवा माझ्याकडे बघायला लागले. मी खांद्यावर हात ठेवू शकलो असतो. एका फळीवर दोन शब्द लिहू शकलो असतो. पण मी तेव्हा चौतिशीचा, डोक्यात राख घालून घेणारा, आणि चारचौघांत मला लाज वाटली. मी उठलो आणि त्यांच्या हातातली कानस हिसकावून घेतली.

अण्णांना ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळं. त्यांनी बुवांचा चेहरा बघितला, माझा बघितला, हात पुसले आणि पायात चपला घालून बाहेर गेले.

पुढे तीनच आठवड्यांनी खंडेनवमी आली. आम्ही सुतार मंडळी त्या दिवशी हत्यारं पुजतो, कुणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्याने त्याने आपलं हत्यार उचलायचं आणि लाकडावर एक तरी हात मारायचा. मग वर्षाचं काम सुरू. अण्णांनी त्या वर्षी आपला रंधा, पटाश्या, कातडं कापायची रापी आणि ती कानस, सगळं लाल फडक्यात बांधलं, वर हळदकुंकू वाहिलं आणि वरच्या देवघराच्या कोनाड्यात ठेवलं. दसऱ्याला मी माझी हत्यारं उचलली. अण्णांनी उचलली नाहीत. पुढच्या दसऱ्यालाही नाहीत. गाठोड्यावर धूळ बसली, आणि ती पुसायचीही मला छाती होत नव्हती.

आता तर त्यांनी अथणीला आत्याकडे कायमचं जायचं ठरवलं होतं. दत्तजयंती झाली की निघायचं. "हितं बसून मी काय करू," असं ते मालनला म्हणाले होते. पत्र्याची ट्रंक भरून खाटेखाली ठेवली होती. दत्तजयंतीला तीन आठवडे राहिले होते. जाऊ नका, एवढंच मला लिहायचं होतं. रोज संध्याकाळी मी फळी घेऊन माडीवर जायचो, आणि "जेवायला चला" असं लिहून दाखवायचो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोवर अण्णा कॅमेरा घेऊन खाली आले आणि माझ्या जागेवर बसले. माझी पटाशी मागून घेतली, नखावर धार बघितली आणि तोंड वाकडं केलं. "ह्यानं केळं कापत असशील," म्हणाले. स्वतःची हत्यारं वर बांधलेली होती. त्यांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

जुना भाता त्यांनी वाफ देऊन सोडवला आणि जमिनीवर चटईसारखा पसरला. बावीस घड्या होत्या. पेटीचा भाता सोपा असतो, एकाच बाजूने उघडणारा. हा चारी बाजूंनी बंद आणि पुढे निमुळता होत गेलेला. अण्णांनी आधी वर्तमानपत्राचा करून बघितला. तीन भाते बिघडले. चौथा नीट मिटला, तेव्हा त्यांनी तो उघडून-मिटून मला पाचसहा वेळा दाखवला.

कापड हवं होतं काळं आणि दाट. छत्रीचं चालेल असं अण्णांचं मत पडलं. माझी छत्री विटलेली, म्हणून मालनची नवी गेली. घड्यांमधल्या पट्ट्यांना पुठ्ठा हवा होता, तो घरात जमलेल्या लग्नपत्रिकांमधून निघाला. मिरजेतल्या निदान तीस जोडप्यांची लग्नं त्या भात्यात गेली असतील. कोपऱ्यांना पेटीसाठी आणलेलं मेंढीचं पातळ कातडं, शाईने काळं केलेलं. छत्रीवरून चार दिवस धुसफुसणाऱ्या मालनने शेवटी स्वतःच सगळं पितळ चिंचेने घासून दिलं. लाकडाला मी लाखेचं पॉलिश केलं. खरं सांगतो, त्या लाकडाचे तुकडे पाडायचं माझ्या मनात आलं होतं याचीच मला लाज वाटायला लागली.

अण्णा सकाळी आठला खाली येत आणि जेवायलाच वर जात. मी मधूनमधून दत्तजयंतीचे दिवस मोजत होतो. ट्रंक होती तिथेच होती.

भाता तयार झाला त्या दिवशी अण्णांनी त्याची आमच्या दुकानातली नेहमीची परीक्षा घेतली. पेटीचा भाता झाला की तो हवेने भरायचा, तोंडं फळीने बंद करायची, वर वीट ठेवायची आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत वीट खाली येता कामा नये. आली तर भाता उसवून पुन्हा. अण्णांनी वीट ठेवली आणि मालनने चहा आणला. अण्णा बशीत ओतून, फुंकर घालून, शक्य तेवढा वेळ लावून चहा प्यायले. वीट तसूभर हलली नाही. त्यांनी आणखी अर्धा कप मागवला, तरी नाही.

"माझ्या भात्यातनं वारा जात न्हाई," अण्णा म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसले ते मला सांगता येणार नाही. मी फळीवर लिहिलं, "एक नंबर." त्यांनी ती फळी बाजूला काढून ठेवली.

*

कॅमेरा झाला, पण त्याने फोटो कसा काढायचा हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मग मी द्वारकामावशी कणसेंना बोलावून आणलं. त्यांच्या यजमानांचा स्टेशन रोडला स्टुडिओ होता. यजमान फोटो काढायचे आणि तीस वर्षं अंधाऱ्या खोलीत ते धुवायच्या मावशी. यजमान गेल्यावर स्टुडिओ बंद झाला, पण मावशींच्या बोटांवरचे औषधाचे पिवळे डाग काही गेले नव्हते. तोंडाने फटकळ बाई. कॅमेरा बघून मात्र त्यांनी आधी पदराने भिंग पुसलं.

असल्या मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म तेव्हाच दुकानातून गायब झाली होती. पण मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, आणि मावशींचा जावई एक्स-रे काढायच्या कामावर. तारीख उलटून गेलेल्या एक्स-रेच्या फिल्मा त्यांनी त्याच्याकडून आणल्या, आमच्या न्हाणीत लाल दिवा लावून मापाने कापल्या आणि घरी जपून ठेवलेल्या लाकडी चौकटीत भरल्या. शटर वगैरे काही नव्हतं. भिंगावरचं झाकण काढायचं, मोजायचं, झाकण लावायचं. "आणि झाकण निघाल्यावर कुणी हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई," मावशींनी दम भरला. "आमच्या स्टुडिओत आमदार आला तरी गप बसायचा."

पहिला फोटो दुकानाचा, दारात मालन उभी. सोमवार होता. अण्णांनी काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि आतूनच ओरडले, "आरं, दुकान उलटं टांगलंय!" मागच्या काचेवर सगळं उलटंच दिसतं, हे मावशींनी मला सांगितलं, मी फळीवर लिहिलं, आणि अण्णांनी कापडाखालून हात बाहेर काढून फळी आत नेऊन वाचली. बाहेर यायला तयारच नव्हते. मग मावशींनी भिंगाची फळी पुढे ओढली, चौकट बसवली आणि झाकण काढलं.

फिल्म वाळल्यावर मावशींनी ती न्हाणीतच कागदावर छापली, आणि तो फोटो बघून मी गार पडलो. मधलं सगळं छान होतं, पण चारी कोपरे काळे. रांजणाच्या तोंडातून दुकान बघितल्यासारखं दिसत होतं.

अण्णा अंगणात फोटो वाळत घालत होते तेव्हा मावशींनी मला भाता दाखवला. फळी पुढे ओढली की आत हवा यायला वाटच नव्हती. त्यामुळे भाता पोट आत ओढल्यासारखा चारी बाजूंनी आत जात होता आणि फोटोच्या आड येत होता.

"कॅमेऱ्याच्या भात्यात उजेड शिरता कामा न्हाई," मावशी म्हणाल्या. "वारा गेला तर जाऊ दे की. ह्यांनी पेटीचा भाता करून ठेवलाय. एक भोक पाडायला सांग त्यांना."

भोक पाडायला सांग. अण्णांना. ज्यांनी दीड कप चहा होईपर्यंत वीट तोलून धरली होती, त्यांना. मी फळी घेतली आणि लिहिलं, "अण्णा, भात्यात". तिथेच थांबलो. एकदा त्यांच्या हातातलं काम मी चारचौघांत चुकीचं ठरवलं होतं, आणि त्याचं गाठोडं अजून कोनाड्यात होतं. दत्तजयंती आठ दिवसांवर आली होती. मी लिहिलेलं खोडलं आणि "चहा घेणार?" असं लिहून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा जेवून पडले होते तेव्हा मी भाता उलटा करून खालच्या घडीत टोचा मारला. मी आयुष्यात फार चोऱ्या केल्या नाहीत, पण ही केली. लक्ष सगळं जिन्याकडे, त्यामुळे पहिला घाव निसटला आणि दुसरा मारावा लागला.

गुरुवारी मावशी पुन्हा आल्या. अण्णांना आम्ही एवढंच सांगितलं की पहिला फोटो नीट आला नाही, दुसरा काढू. या वेळी कोपरे चारही आले. पण खालून वर एक पांढरा फराटा, नेमका मालनच्या तोंडावरून. मालन म्हणाली, माझी छत्री गेली ती गेली, वर तोंडाला चुना.

अण्णांनी तो फोटो हातात घेऊन फराट्यावरून खालपासून वर बोट फिरवलं. मग त्यांनी कॅमेरा उचलून अंगणात उन्हात नेला, भिंगाला झाकण लावलं आणि उजेड कुठून शिरतो ते बघायला कापडाखाली डोकं घातलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. अण्णा बाहेर आले ते सरळ त्या घडीवर बोट ठेवूनच.

"टोच्याचं भोक हाय," ते म्हणाले. "भायरनं मारलंय. भीत-भीत मारलंय, दोनदा. कुणी?"

मी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"का?"

या वेळी मी सगळं लिहिलं. हवेला वाट हवी होती, भाता आत ओढला जातो, कोपरे कापले जातात. फळी पुरली नाही, दुसरी घेतली. अण्णांनी दोन्ही वाचल्या.

"तुला कवा कळलं?"

"सोमवारी," मी लिहिलं.

"चार दिस," अण्णा म्हणाले. त्यांनी फळ्या खाली ठेवल्या. मग कान गेल्यानंतर पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "बहिरा हाय मी, भालू. खुळा न्हाई. मला सांगायला काय झालं होतं?"

 अण्णा जिना चढून वर गेले. खाट सरकल्याचा आवाज आला. ट्रंक, माझ्या मनात आलं. आता पाच दिवससुद्धा थांबत नाहीत, उद्याच निघतात. द्वारकामावशी पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. स्वतःच्या हाताने मी माझ्या बापाला दोनदा दुकानाबाहेर काढलं, एकदा सगळ्यांसमोर आणि एकदा चोरून. त्या वेळी मला स्वतःची जेवढी चीड आली तेवढी नंतर कधी आली नाही.

पावलं खाली आली. अण्णांच्या हातात लाल फडक्याचं गाठोडं होतं. खाट त्यांनी कोनाड्यापर्यंत हात पोचावा म्हणून सरकवली होती.

गाठोड्यावरची धूळ फुंकून त्यांनी ते माझ्या समोर सोडलं. रंध्यावरची हळद वाळून तिचे पोपडे झाले होते. त्यांनी आपली रापी काढली, दगडावर दोनचार वेळा ओढली आणि काळ्या कातड्याचा तुकडा मागितला. मी दिला. त्याचे त्यांनी रुपयाएवढे तीन पदर कापले आणि प्रत्येकाला वेगळ्या जागी भोक पाडलं. मग माझ्या त्या दोन घावांच्या जागी नीट एक भोक केलं आणि आतून ते पदर एकावर एक असे लावले की एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकासमोर येत नव्हतं. मध्ये पुठ्ठ्याच्या बारीक चकत्या ठेवल्या. पेटीच्या भात्यात हवा आत घ्यायला आम्ही कातडी पडदा लावतो, त्याचंच हे भावंड. मी हजार पेट्यांना तो पडदा लावला असेन, पण मला टोचा सुचला.

"उजेड सरळ जातो," अण्णा काम करता करता म्हणाले. "वारा वळतो."

सरस लावून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं असतंस, तर सोमवारीच केलं असतं."

*

शनिवारी काढलेल्या फोटोत दुकान काठोकाठ आलं. पाटीवरची अक्षरं, दारातली मालन, पानपट्टीवाल्याची अर्धी टोपलीसुद्धा. मालनने तो फोटो शेजारच्या सात घरांत दाखवला आणि छत्रीचं नाव पुन्हा काढलं नाही.

दत्तजयंतीच्या दिवशी मी दुपारी माडीवर गेलो तर खाटेवर कपड्यांचा ढीग पडलेला. धोतरं, बंड्या, स्वेटर, अथणीच्या भाचरांसाठी घेतलेला खाऊ. ट्रंक उघडी, रिकामी, आणि अण्णा तिच्या आतून काळा कागद चिकटवत बसले होते. फिल्मा ठेवायला अंधारी पेटी पाहिजे असं मावशींनी सांगितलं होतं म्हणे. मी फळीवर लिहिलं, "अथणी?"

"कार्ड टाकलंय," अण्णा म्हणाले. "सवड न्हाई म्हणून."

मी खाली आलो आणि न्हाणीत जाऊन लाल दिवा न लावताच थोडा वेळ उभा राहिलो.

त्या रविवारी अण्णांनी मला दाराशी, उजेडात, कामाच्या पाटावर बसवलं. तुझा काढायचा, म्हणाले. मांडीवर उघडी पेटी दिली. मग लाल फडक्यातून ती बारीक कानस काढली आणि माझ्यासमोर धरली. हिसकावलेल्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच माझ्या हातात येत होती.

"ही तुझ्याकडं ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "सुराचं तू बघ."

मी कानस घेतली आणि पट्टीवर टेकवली. मावशींनी मला आठ आकडे होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायला सांगितलं. अण्णा कापडाखाली जाऊन आले, चौकट बसवली, भिंगापाशी उभे राहिले आणि झाकण काढलं.

"एक," अण्णा मोजू लागले. "दोन. तीन."

मी हलत नव्हतो. पापणीसुद्धा नाही.

"त्या दिवशी कानस काढून घेतलीस, ते बरोबर केलंस," अण्णा म्हणाले. "सूर गेलाच होता माझ्या हातनं."

मला हलता येत नव्हतं. बोललो असतो तरी त्यांना ऐकू आलं नसतं, आणि फळी-पेन्सिल चार हात लांब होती.

"सात," अण्णा म्हणाले. "आठ." आणि झाकण लावलं.

न्हाणीतून फिल्म घेऊन मावशी बाहेर आल्या त्या रागावूनच. पोरगा हलला, म्हणाल्या, तोंड सगळं फिसकटलंय, दुसरा काढू. अण्णांनी ती ओली फिल्म दोन बोटांत धरून उजेडासमोर बराच वेळ बघितली. मावशी काय म्हणताहेत हे त्यांना न लिहिताच कळलं होतं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्योच बरा हाय."

त्यानंतर अण्णा नऊ वर्षं दुकानात बसले. कोल्हापूर, पुणे, पार हुबळीपर्यंतच्या लोकांचे जुने कॅमेरे भाता बदलायला त्यांच्याकडे येत, आणि प्रत्येक भात्यावर ते आधी वीट ठेवून चहा पीत. मगच त्याला वाऱ्याची वाट करून देत. आता तेही नाहीत आणि मावशीही नाहीत. फोटो मात्र दुकानात माझ्या डोक्यावरच लावलेला आहे. नवीन माणसं विचारतात हा कोण, कारण चेहरा ओळखू येत नाही, डोळ्यांच्या जागी नुसता ओघळ आहे. हात मात्र हलले नव्हते. हातातली कानस इतकी स्वच्छ आली आहे की तिचे दात मोजता येतात.